रोटाची मूठ आणि जळगावचा रविवार

फुटबॉलसाठी मुलींची निवड झाली त्याच संध्याकाळी सरांनी निरोप दिला. उद्या प्रत्येक घरातून एक मोठं माणूस मैदानावर यावं. ज्या घरातून कुणी येणार नाही, त्या घरच्या मुलीनंही परवापासून येऊ नये.

आमच्या घरात मोकळं माणूस मी एकटीच. मुलगा धुळ्यातच टायरच्या दुकानात कामाला आहे, सकाळी गेला की रात्रीच घरी येतो. सून घरी शिवणकाम करते आणि जून असल्यामुळे शाळेच्या गणवेशांचा ढीग तिच्यापुढे पडलेला होता. नात बारा वर्षांची, तिच्या पाठीवरचा नातू आठ वर्षांचा. म्हणून मी गेले. फुटबॉलमधलं मला एवढंच कळत होतं की चेंडूला हात लावायचा नाही.

सर मूळचे भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. तिथल्या रेल्वेच्या वसाहतीत खेळून मोठे झाले. गुडघे गेलेत, एक पाय ओढत चालतात, आवाज मात्र मैदानाच्या फाटकापर्यंत जातो. त्यांनी तेरा वर्षांच्या आतल्या चोवीस मुली घेतल्या होत्या. ऑगस्टपासून दर रविवारी सामने होणार होते आणि शेवटी त्यातल्या सोळा जणींचा संघ बाहेरच्या जिल्ह्यांत खेळायला जाणार होता. म्हणजे आठ जणी गळणार, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत होतं. पायऱ्यांवर बसलेले आईबाप एकमेकांकडे बघून हसत होते आणि मनात मोजत होते. मीही मोजत होते.

"मुली चांगल्या आहेत," सर म्हणाले. "त्यांना बिघडवतात घरचे. म्हणून आधी तुमची तयारी."

मग त्यांनी एकेक सांगायला घेतलं. सकाळी चहा-खारीवर मुलगी पाठवायची नाही, पोटात भाकरी हवी. बूट मापाचे घ्यायचे, दोन वर्षं पुरतील असे मोठे नाही. सामना हरून आली तर घरी पोहोचेपर्यंत त्यावर एक शब्द बोलायचा नाही, भूक लागली का एवढं विचारायचं. मुलीला बाकावर बसवलं तर त्यांना फोन करायचा नाही. महिन्याचे दिवस सुरू झाले असतील तर त्यांच्यापासून लपवायचं नाही. हे ऐकून सगळ्या आया आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "सर, पुढचं बोला. ते सगळ्यांचंच होतं."

"पुढचं तुमच्यासाठीच आहे आजी," ते म्हणाले. "रेषेबाहेर उभं राहून ओरडायचं नाही. शिकवायचं नाही. टाळ्या चालतील. ज्या घरचं माणूस ओरडेल, त्या घरची मुलगी मी बाहेर काढीन."

मागून एकानं विचारलं, "आणि बापच ओरडला तर?"

"बाप घरचाच असतो ना? मग मुलगी बाहेर."

लोक हसले. सर हसले नाहीत. शेवटी त्यांनी कागद वाटले. त्यावर सगळ्या रविवारांच्या तारखा होत्या. "लग्न, साखरपुडा, जत्रा, कुळाचार, जे काही असेल ते आज सांगा. आज सांगितलं तर मी जमवून घेईन. नंतर सांगितलं तर मुलगी घरी राहील आणि तिची जागा दुसरीला जाईल. बाहेरगावच्या सामन्याला प्रत्येक मुलीबरोबर घरचं कोण येणार, तेही लिहा."

पुढच्या पायरीवर एक कापडवाले मारवाडी सेठ बसले होते. ते उठून म्हणाले, "सर, आमच्यात दिवस मावळल्यावर खात नाहीत. बाहेरगावहून येताना बेबीच्या जेवणासाठी गाडी थांबवावी लागेल."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"थांबवू."

"सेठ, मग डबा आम्हालाही लागेल," कुणीतरी ओरडलं.

"मोठा डबा आणतो, त्यात काय!" सेठ म्हणाले आणि बसले. त्यांचं काम झालं.

माझी पाळी आली. आमच्या घरात वर्षाचा एकच रविवार अडतो, आमच्या कुळाच्या देवीचा, कानबाईचा. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई बसते. त्या दिवशी सगळे भाऊबंद गावात एका घरी जमतात. कुणी सुरतेला असो की पुण्याला, तो येतोच. मी बोटांवर मोजलं. आषाढ संपला की श्रावण, पाचव्या दिवशी पंचमी, मग रविवार. म्हणजे जुलैतच उरकतंय. सामने ऑगस्टपासून.

"आमचा कोणताही रविवार अडत नाही," मी सांगितलं. बाहेरगावी बरोबर कोण, त्यापुढे 'आजी' असं लिहिलं आणि सही केली. मी चौथी शिकलेली आहे, सही मला स्वतःची करता येते, याचा त्या दिवशी मला जरा तोरा पण होता.

त्या वर्षी श्रावणाआधी धोंड्याचा, म्हणजे अधिक महिना होता. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. धोंड्याला जावयाला काय द्यायचं, अनारसे घरी करायचे की विकत आणायचे, हे मी चैत्रातच ठरवून ठेवलं होतं. पण बोटांवर महिने मोजताना तो एक महिना मी धरला नाही. देण्याघेण्याचा महिना वेगळा आणि मोजायचे महिने वेगळे, असं काहीतरी माझ्या डोक्यानं केलं. सही मात्र झाली होती.

घराची तयारी सुरू झाली ती आधी भांड्यांपासून. संध्याकाळची भांडी नात घासायची, ती आता सरावाला जायची. मी नातवाला बसवलं. सुनेला ते आवडलं नाही. "माय, तो मुलगा आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "हात दोन आहेत ना त्याला?" पहिल्या आठवड्यात त्यानं एक कपबशी फोडली. नंतर घासायला लागला. शेजारची बाई जाता-येता सुनेला ऐकवायची, "पोर काळी पडली गं तुझी. गुडघे बघ, म्हशीचे असतात तसे झाले." सून रात्री मुलीच्या गुडघ्यांना साय चोळायची आणि सकाळी मुलगी परत मातीत पडून यायची.

पहिला सामना धुळ्यातच झाला. माझी नात मागे खेळते, म्हणजे समोरच्यांना गोल करू द्यायचा नाही हे तिचं काम. एकदा चेंडू तिच्या पायाशी आला आणि ती इकडेतिकडे बघत उभी राहिली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं मार ना! वरातीत आलीस का?"

सगळं मैदान हसलं. सरांनी शिट्टीवाल्याला हात केला आणि नातीला बाहेर काढलं. सामना सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. ती बाकावर जाऊन बसली ती शेवटपर्यंत. घरी येताना मी नियमाप्रमाणे एकच विचारलं, "भूक लागली का?" ती माझ्या चार पावलं पुढं चालायला लागली. रात्री तिच्या आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "माझं काही चुकलं नव्हतं. आजी ओरडली."

ते खरं होतं. त्यानंतरच्या सामन्यांना मी लुगड्याचा पदर दातात धरून उभी राहिले. चेंडू आपल्या बाजूला आला की पदर चावायचा. दोन सामन्यांत त्या पदराची किनार विरली, पण माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. सरांनी नातीला पूर्ण वेळ खेळवलं. चोवीसमधल्या पाच जणी तोपर्यंत आपणहून गळल्या होत्या. एकीचा क्लास, एकीच्या आजोबांना पसंत नाही, असं काहीबाही. आता सोळामध्ये यायला तिघींना मागे टाकायचं होतं.

आणि मग गावाहून नानाचा फोन आला. नाना म्हणजे माझा दीर, माझ्या नवऱ्याच्या पाठचा. नवरा गेल्यापासून भाऊबंदात मोठा तोच आहे. यंदा कानबाई त्याच्या घरी बसणार होती. "वहिनी, शनवारे सकायलेच येजो. दळणले तुन्हा हात लागस," तो म्हणाला.

"कोणता शनिवार?" मी विचारलं.

त्यानं तारीख सांगितली. मी फोन ठेवला आणि भिंतीवरचा कागद बघितला. त्या रविवारपुढे लिहिलं होतं, जळगाव. आणि बरोबर येणारं माणूस, आजी.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले. सर चुन्याची रेषा मारून घेत होते. मी सगळं सांगितलं, धोंड्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"आजी, मी जूनमध्ये विचारलं होतं."

"चूक झाली."

"त्या सेठनी सांगितलं, तसं सांगितलं असतं तर मी तो सामना पुढं-मागं करायला जळगाववाल्यांशी बोललो असतो. आता तारखा ठरल्यात. बाहेर जाणाऱ्या सोळा जणी मी जळगावात ठरवणार आहे. जी येणार नाही तिचं नाव नाही."

"पोरीची काय चूक त्यात?"

"काही नाही," ते म्हणाले. "पण जी येईल तिचीही काही चूक नाही ना?"

मी घरी आले.

मुलानं ऐकलं आणि हातातला घास ताटात ठेवला. "माय, कानबाई सोडून फुटबॉल? नाना मला गावात पाय ठेवू देणार नाही. पुढच्या वर्षी खेळेल ती."

"पुढच्या वर्षी तेरा पूर्ण होतील," नात म्हणाली. "मग या संघात घेत नाहीत."

"मग शाळेत खेळ."

तिनं रडारड केली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. ती उठली आणि मोरीवर जाऊन बुटांच्या तळाची माती काडीनं काढत बसली. सून मशीनवर होती. तिनं पाय थांबवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सही कुणी केली होती?"

एवढंच. मला ते लागलं, कारण बरोबर होतं.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे गावी गेलो. पांझरेच्या काठावरचं गाव, धुळ्याहून तासाभराच्या आत. मी नातीच्या पिशवीत बूट, मोजे आणि नडगीला बांधायच्या पट्ट्या घालून ठेवल्या होत्या. तिला काही सांगितलं नव्हतं. माझंच ठरलेलं नव्हतं.

नानाच्या ओसरीत पंचवीस-तीस माणसं होती. बायकांनी पुरणाची डाळ निवडायला घेतली होती, पोरं कानबाईच्या चौरंगाला केळीचे खांब बांधत होती. कानबाईच्या प्रसादाला रोट म्हणतात, त्याचा गहू आधल्या वर्षापासून वेगळा ठेवलेला असतो. आमच्याकडे पद्धत अशी की घरातल्या मोठ्या सुनेनं तो मुठीनं मोजायचा. भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. पाळण्यातला पोरगा असला तरी त्याची सव्वा मूठ. त्यात हरभऱ्याची डाळ घालून दळायचं, आणि त्या पिठाचं जे होईल ते भाऊबंदांनीच खायचं, बाहेरच्याला घास द्यायचा नाही. सासू गेल्यापासून ती मूठ माझ्या हातात होती. तीस वर्षं तरी झाली असतील.

मी पदर खोचून बसले. नाना समोर बसून नावं घेऊ लागला. एक नाव, एक सव्वा मूठ. माझ्या मुलाचं नाव आलं, नातवाचं आलं. नातू दारात उभा होता, आपलं नाव आल्यावर त्यानं बहिणीला कोपर मारलं. तिनं बघितलंसुद्धा नाही. तिची नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर होती. दुपारी दोनची गाडी चुकली तर धुळ्याला जायला पुढची दुसऱ्या दिवशी सकाळची, आणि संघाच्या क्रूझर जीपगाड्या धुळ्याहून पहाटे पाचला निघणार होत्या. हे तिला पाठ होतं.

शेवटची मूठ पडली. मी हात झटकले आणि उठले.

"नाना, दळण करून घ्या. मी नातीला घेऊन धुळ्याला जाते. उद्या जळगावला तिचा सामना आहे. सोमवारी सकाळी विसर्जनाला येते."

नानाला आधी वाटलं मी थट्टा करते आहे.

"बठ्ठा जमनात, आन तू चालनी?"

"हो."

"हाऊ फुटबॉल कव्हय उना आपला घरमा? पोर घरनी शे, कानबाईले घरमाच राही."

"घरनी शे ना?" मी म्हटलं. "मंग मोज तिनी मूठ."

माझी धाकटी जाऊ डाळ निवडता निवडता थांबली. नानाचा चेहरा लाल झाला.

"असं कोठे ऱ्हास? पोरीसनी मूठ नही ऱ्हास. कुळाचार शे."

"असू दे. मी कुळाचार मोडायला सांगत नाही," मी म्हटलं. "मी स्वतः मोजली ना आत्ता? तिचं नाव तुम्ही घेतलं नाही. माझंही पन्नास वर्षांत कधी घेतलं नाही, मी विचारलं का? जिची मूठ नाही ती नसली तर रोट कमी पडत नाही. मग तिला कशासाठी बसवून ठेवता?"

"आणि तू? तू मोठी सून. तुझ्या हाताशिवाय कानबाई बसायची का?" हे माझ्या मधल्या जावेनं विचारलं. ती नानाची बायको, घर तिचं, काळजी तिलाच होती.

"हात लावला. माझं काम झालं."

नाना उठला. उंच माणूस आहे, ओसरीच्या दारात उभा राहिला की उजेड अडतो. तो हळू बोलला. तो हळू बोलतो तेव्हा जास्त वाईट असतं. "वहिनी, जाशी तर जा. पन मंग पुढला वरीसले मूठ दुसरी बाई मोजी."

मी मुलाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. सुनेकडे बघितलं. तिनं नातीची पिशवी आधीच खांद्याला लावून ठेवली होती.

"मोजू दे," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

मुलगा मागून आला. मोटारसायकलवर आम्हा दोघींना मागे घेऊन त्यानं फाट्यापर्यंत सोडलं. गाडी येताना दिसली तेव्हा म्हणाला, "माय, नाना आता वर्षभर बोलणार नाही आपल्याशी."

"माझ्याशी नाही बोलणार. तू तिथंच जा, कामाला लाग, तुझ्याशी बोलेल."

नात गाडीत चढल्यावर पहिल्यांदा बोलली. "आजी, मी उद्या बाकावरच बसले तर?"

"तर बस," मी म्हटलं. "मला काय विचारतेस, सरांना विचार."

खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती. भाऊबंदांत तोंड वाजवून आले, आणि पोरगी दिवसभर बाकावर बसून परत आली, तर मी कोणत्या तोंडानं गावात जाणार होते?

पहाटे क्रूझर निघाल्या, चार. पारोळा, एरंडोल करत जळगावला आठ वाजता पोहोचलो, पण आधी मुलांचे सामने होते, आमची पाळी दुपारी आली. मैदान बरं होतं, पण आदल्या दिवशीच्या पावसानं एका कोपऱ्यात चिखल झाला होता. जळगावच्या मुली आमच्यापेक्षा डोकंभर उंच. त्यांच्या घरची माणसं पन्नास तरी असतील आणि त्यांना कुणी गप्प बसायला सांगितलेलं नव्हतं. आमच्या बाजूला आम्ही वीस जण रांगेत, शाळेच्या बाहेर उभे केल्यासारखे.

सरांनी नातीला बाकावर बसवलं.

मी सेठच्या बायकोशेजारी उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जवळ सरकली. सामना सुरू झाला. आमच्यावर एक गोल झाला. नातीच्या जागी खेळणारी मुलगी चांगली खेळत होती. मला ती चुकावी असं वाटत होतं आणि तसं वाटल्याची लाजही वाटत नव्हती. अर्धा वेळ संपला. नात उठून पाय झाडत होती आणि सरांकडे बघत होती. ते दुसऱ्याच मुलीशी बोलत होते.

दुसऱ्या अर्ध्यात आमच्या मुलींनी एक फेडला. मग त्या मागे खेळणाऱ्या मुलीच्या पोटरीत गोळा आला आणि ती खाली बसली. सरांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. ती आत गेली.

पाच मिनिटंच गेली असतील. चेंडू चिखलाच्या कोपऱ्यात आला, नात त्याच्यावर गेली आणि घसरून सपशेल पडली. जळगावची उंच मुलगी चेंडू घेऊन सुटली. पुढं आमची गोल राखणारी एकटी. पलीकडचे पन्नास लोक ओरडायला लागले. माझ्या तोंडात पदर होता. मी तो इतका चावला की दातात धागे आले. ऊठ, ऊठ, ऊठ, एवढंच डोक्यात चाललं होतं, आणि एक शब्द बाहेर आला असता तर पोरगी परत बाकावर गेली असती, हेही.

ती उठली. कशी पळाली ते मला सांगता येणार नाही, मी तिला तशी पळताना आधी बघितलं नव्हतं. गोलाच्या अगदी तोंडाशी तिनं पाय मध्ये घातला. चेंडू बाहेर गेला. ती उंच मुलगी तिच्या अंगावर पडली आणि दोघी चिखलात. सेठच्या बायकोनं माझं मनगट धरलं होतं ते तेव्हा सोडलं. त्यावर तिच्या बांगड्यांचे वळ उमटले होते.

सामना बरोबरीत सुटला.

नावं सरांनी तिथंच वाचली, मैदानाच्या कडेच्या निंबाखाली. उशीर केला नाही, सजवलंही नाही. हातात कागद आणि चष्मा कपाळावर. दहा नावं झाली. बारा झाली. मी मोजत होते आणि या वेळी माझी मोजणी चुकत नव्हती. चौदा. सेठची मुलगी पंधरावी. सोळावं नाव नातीचं.

ज्या तिघींची नावं आली नाहीत त्यातल्या एकीची आई माझ्या मागेच उभी होती. तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "भूक लागली का?" मला तेव्हा आनंद करावासा वाटला नाही. मी नातीला म्हटलं, "बूट काढ, चिखल वाळला तर निघणार नाही."

सर जवळ आले. "आजी, पोरगी पडल्यावर मी तुमच्याकडे बघत होतो," ते म्हणाले.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

एरंडोलच्या पुढं दिवस कलायला लागला तेव्हा गाड्या थांबल्या. सेठनी डबा उघडला. खरंच मोठा होता. सगळ्या मुलींना पुऱ्या मिळाल्या. वीस मिनिटं झाली तशी सरांनी हॉर्न वाजवायला लावला.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी गावी गेलो. कानबाई डोक्यावर घेऊन बायका नदीकडे निघाल्या होत्या. मी मागून चालले. नाना पुढं होता. त्यानं एकदा वळून बघितलं, माझ्याकडे नाही, नातीच्या खरचटलेल्या कोपराकडे. बोलला नाही. वर्षभर बोलला नाही.

त्या वर्षभरात नात चार जिल्ह्यांत खेळून आली. पुढच्या कानबाईला मी गेले तेव्हा गव्हाचं सूप धाकट्या जावेपुढं होतं. नाना नावं घेत होता, ती मूठ टाकत होती. मी पुरणाची डाळ निवडायला बसले. तिचा हात लहान आहे, माझ्यासारखा भरत नाही, आणि सव्वा मूठ म्हणजे किती हे तिला कुणी दाखवलेलं नव्हतं. मी बघत होते. त्या दिवशी रोट अपुरा पडला, शेवटच्या पंगतीतल्या चौघांना चतकोर चतकोर मिळाला. नानानं सगळ्या बायकांकडे रोखून बघितलं. मी मान खाली घालून माझ्या ताटातला चतकोर तोडला आणि एक शब्द बोलले नाही.